बातमीत सायकल कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात एका सायकलपटू महिलेवर जवळजवळ अर्धं पान मजकूर आला. फोटो मोठा, मथळा ठळक. मी तो मजकूर दोनदा वाचला. यजमान कुठे नोकरीला आहेत, मुलं कितवीत आहेत, सासूबाईंनी कसा पाठिंबा दिला, पहाटे उठून सगळ्यांचे डबे करून मग ती सरावाला कशी निघते, हे सगळं त्यात होतं. ती कोणती सायकल घेऊन गेली, रात्री कुठे थांबली, थांबली की नाही, शेवटच्या टप्प्यात पोटात काय टिकत होतं, चढाला कोणता गिअर होता, यातलं काहीच नव्हतं. सहाशे किलोमीटर सायकल मारून आलेल्या बाईची बातमी वाचून संपली आणि तिने ते अंतर कसं कापलं ते मला कळलं नाही. त्यासाठी हे पत्र. लांबलं आहे, पण शक्य तर पूर्ण छापा.

मी साताऱ्यात एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. चाळिशी उलटल्यावर सायकलकडे वळले. सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाते, कधी वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला, आणि वर्षातून काही वेळा बीआरएम करते. ज्या वाचकांना बीआरएम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःचं सामान स्वतः वागवत पुरं करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. मध्ये ठिकठिकाणी कंट्रोल असतात, तिथे कार्डावर शिक्का किंवा वेळेची नोंद घ्यायची. पहिला-दुसरा नंबर नाही, आणि बाईला एक मिनिटही जास्त मिळत नाही. मला हे फार आवडतं. कार्डावर वेळ लिहिताना कोणी विचारत नाही की घरी कोण आहे.

पण ही कला शिकायची कुठे? क्लबमधल्या पुरुषांनी हातचं न राखता शिकवलं, त्यांचे उपकार आहेत. तरी काही गोष्टी त्यांना सांगता येत नाहीत आणि काही आपल्याला विचारता येत नाहीत. पाळीच्या दिवसांत दहा-बारा तास सीटवर बसायचं तर काय करायचं, पॅडेड शॉर्ट्सवर पॅड लावलं की मांडी सोलवटते त्यावर उपाय काय, रात्री दोन वाजता लघवीला कुठे जायचं. हे मला मराठीत कुठेही वाचायला मिळालं नाही. परदेशातल्या बायकांनी आपल्या शर्यतींबद्दल जे मोकळेपणाने सांगितलं, त्यातून वेचत वेचत शिकले. त्यात सर्वांत जास्त ऋण रेबेका रश या अमेरिकन बाईचं.

आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. जन्म १९६८ चा, पोर्तो रिकोतला. वडील अमेरिकी हवाई दलात. ७ मार्च १९७२ रोजी त्यांचं विमान लाओसवर पाडलं गेलं, तेव्हा ही तीन वर्षांची होती. आईने दोघी मुलींना शिकागोजवळ वाढवलं, म्हणजे डोंगराचं नाव नसलेल्या सपाट मुलखात. शाळेत ती पळायची. पुढे प्रस्तरारोहणाकडे वळली, नद्यांतून राफ्टिंग केलं, काही वर्षं तर जुन्या गाडीतच संसार थाटून या डोंगरातून त्या डोंगरात फिरली. मग साहसी शर्यती. या शर्यती म्हणजे चौघांचा संघ, त्यात स्त्रिया आणि पुरुष दोन्ही हवेत, हातात नकाशा आणि होकायंत्र, आणि चार-पाच किंवा त्याहून जास्त दिवस पळणं, वल्हवणं, दोरावरून उतरणं, सायकल चालवणं असं सलग. झोप मिळेल तेव्हा तास-दोन तास. या सगळ्यात तिची सगळ्यांत कच्ची बाजू कुठली होती, तर माउंटन बाइक. ती हे स्वतः सांगत आली आहे.

पुढे त्या शर्यतींचा पैसा आटला, संघ मोडले. तिचं वय ३८. बहुतेक खेळाडू ज्या वयात निवृत्तीचं बोलतात त्या वयात तिने आपल्या कच्च्या बाजूलाच हात घातला आणि २४ तासांच्या एकट्याने करायच्या माउंटन बाइक शर्यतीत उतरली. या शर्यतीत डोंगरातला एक फेरा आखलेला असतो. २४ तासांत जो जास्त फेरे मारेल तो जिंकला. झोपायला कुणी मनाई करत नाही, पण झोपलात की प्रतिस्पर्धी एक फेरा पुढे गेला. २००७, २००८ आणि २००९ अशी सलग तीन वर्षं ती या प्रकारात जगज्जेती झाली.

मी यातून काय शिकले ते सांगते, कारण माझ्या पत्राचं कारण तेच आहे. २४ तासांच्या शर्यतीत पहिला फेरा किती मिनिटांत झाला याला काडीची किंमत नसते. पहाटे तीनचा फेरा किती मिनिटांत झाला यावर निकाल लागतो. दुपारी ताकद आहे म्हणून जो जोर लावतो, तो रात्री खुर्चीत बसतो आणि उठत नाही. मी क्लबबरोबर निघायचे तेव्हा पहिले पन्नास किलोमीटर सगळे सुसाट जायचे आणि मला मागे पडल्याचं दडपण यायचं. रश वाचल्यावर ते दडपण गेलं. मी माझ्या वेगाने जाते, चढावर श्वास बोलता येण्याइतका ठेवते, तहान लागायच्या आधी पिते, आणि पहाटे जे दिवे पुढे दिसतात ते एकेक करून जवळ येतात. हे कोणत्याही मथळ्याने मला शिकवलं नसतं.

कोलोरॅडोतली लेडव्हिल शर्यत तिने २००९ ते २०१२ अशी लागोपाठ चार वेळा जिंकली. लेडव्हिल हे ३,००० मीटरहून उंचावरचं खाणकामगारांचं गाव. १९८२ मध्ये तिथली मोठी खाण बंद पडली, गाव बेकार झालं, तेव्हा केन क्लाउबर नावाच्या खाणकामगाराने माणसं गावात यावीत, मुक्कामाला राहावीत म्हणून १९८३ मध्ये शंभर मैलांची धावण्याची शर्यत सुरू केली. १९९४ पासून त्याच अंतराची माउंटन बाइक शर्यत. कच्च्या रस्त्यावर जायचं आणि आलेल्या वाटेने परतायचं, मधलं टोक जवळजवळ ३,८०० मीटरवर. म्हणजे आपलं कळसूबाई एकावर एक दोन ठेवलं तरी त्याच्या वर. बारा तासांत पुरी केली तर पट्ट्याचं चांदीचं बक्कल, नऊ तासांच्या आत केली तर मोठं बक्कल, बाई असो की पुरुष. रशने २०१२ साली साडेसात तासांच्या आत पुरी केली, तेव्हा ती ४३-४४ वर्षांची होती. नंतर ती कॅन्ससमधल्या दोनशे मैलांच्या खडीच्या रस्त्यावरच्या शर्यतीही जिंकली, आणि अलास्कात बर्फावर जाड टायरच्या सायकलने साडेतीनशे मैलांच्या शर्यतीत उतरली. तिथे स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं, पाण्याची बाटली गोठू नये म्हणून कपड्याच्या आत अंगालगत बाळगायची. आयडाहोमधल्या केचम गावात राहते, तिथल्या अग्निशमन दलात काम केलं आहे, आणि बायकांसाठी माउंटन बाइकच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. कार्यशाळेचं मला सर्वांत जास्त कौतुक वाटतं.

२०१५ सालचा तिचा प्रवास मी नववीच्या वर्गात शिकवते. पाठ्यपुस्तकात तो नाही, पण आग्नेय आशियाचा नकाशा भिंतीवर आहेच. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया या तीन देशांतून गेलेल्या हो ची मिन्ह मार्गावर सुमारे १,२०० मैल, म्हणजे १,९०० किलोमीटरच्या वर, ती सायकलने गेली. सोबत व्हिएतनामची माउंटन बाइक विजेती हुएन न्गुयेन. एकीला दुसरीची भाषा धड येत नव्हती. वडिलांचं विमान जिथे पडलं ती जागा गाठायची होती. तिथल्या गावात एक माणूस भेटला, त्याने सांगितलं की त्याच्या वडिलांनी त्या दोन वैमानिकांना झाडाखाली पुरलं होतं. ज्यांच्यावर बॉम्ब पडत होते त्यांनीच ते टाकणाऱ्यांना माती दिली.

१९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतले क्लस्टर बॉम्बमधले चेंडूएवढे सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब, आणि त्यांपैकी कित्येक कोटी फुटलेच नाहीत. ते अजून शेतात, जंगलात पडून आहेत, नांगराला लागतात, मुलांच्या हाती येतात. तिथे मळलेली वाट सोडून झुडपात पाऊल टाकायचं नाही. रश परत आली ती ते बॉम्ब काढण्याच्या कामासाठी पैसा उभा करायचं ठरवून, आणि आजवर ते करते आहे. वडील घरी पत्रं पाठवायचे त्यात शेवटी ‘नीट वाग’ अशा अर्थाचे दोन शब्द लिहायचे, तिच्या संस्थेचं नाव तेच आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर एका मुलीने विचारलं, “मॅडम, त्यांना भीती नाही वाटली?” हा प्रश्न नेहमीचा. पण मागच्या बाकावरून दुसरीने विचारलं, “मॅडम, जंगलात पंक्चर झालं की काय करायच्या?” मला फार आनंद झाला. ही मुलगी मेढ्याकडच्या एका वाडीतून रोज सायकलने येते. तिला बाईचं कौतुक करायचं नव्हतं, तिला तिच्यासारखं जायचं होतं. त्या दिवशी तास संपल्यावर मी माझी सायकल वर्गाबाहेर आणून उलटी केली. टायर लिव्हरने टायर रिमवरून काढायचा, ट्यूब बाहेर ओढायची, नवी घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा. काटा तसाच राहिला तर नवीही ट्यूब जाते. बाभळीचा काटा मिळाला. सगळ्या मुलींनी आळीपाळीने पंप मारला.

संपादक महाशय, आपल्या पानावरच्या त्या अर्ध्या पानात या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असायला हवं होतं.

मी आपल्याला एका रात्रीचं सांगते. साताऱ्याहून संकेश्वरच्या थोडं पुढे जाऊन परत यायचं, ४०० किलोमीटर. जाताना कोल्हापूरपर्यंत वारा पाठीशी होता. परतीला कागलच्या पुढे अंधार पडला. कराडच्या अलीकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. हायवेवर ट्रकचे दिवे, उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागे लाल दिवा नसतो हे लक्षात ठेवून डोळे उघडे ठेवायचे. एका पेट्रोल पंपावर थांबले. माझ्याबरोबरचे दोघे हातपाय पसरून पंपाच्या कट्ट्यावर आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. मी स्वच्छतागृहाकडे गेले तर कुलूप. चावी मॅनेजरकडे, मॅनेजर सकाळी येणार. पंपावर पाणी, हवा आणि स्वच्छतागृह ही सोय असलीच पाहिजे असा नियम आहे, पण नियम रात्री दहाला झोपतो. पुढे तीन-चार किलोमीटरवर चहाची टपरी उघडी होती. तिथल्या मावशींनी काही न विचारता मागचं दार दाखवलं, मग आतल्या बाकावरची पोती बाजूला सारली आणि म्हणाल्या, “पड जरा, मी जागी आहे.” मी गजर लावून वीस मिनिटं झोपले. वीसच, कारण त्याहून जास्त झोपलं की उठताना अंग दगड होतं. उठून मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, चहा घेतला आणि निघाले. ताकदीसाठी पाकिटातून चोखायचे ते गोड एनर्जी जेल माझ्या पोटाला रात्री चालत नाहीत, दोनशे किलोमीटरनंतर मळमळतं. दहीभात चालतो, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चालतं.

या रात्रीत जे आहे ते दर महिला सायकलपटूच्या रात्रीत असतं. पुरुषाला थकवा आला की तो आहे तिथे पडतो. बाईला थकवा आल्यावर आधी जागा शोधावी लागते, आणि ती शोधण्यात पाय, वेळ आणि झोप तिन्ही जातात. घड्याळ मात्र दोघांचं एकच. ही गोष्ट आपल्या वार्ताहराने विचारली असती तर बातमी झाली असती. कदाचित त्या पंपाचं कुलूपही निघालं असतं.

तपशिलाने लिहिलेलं मागे राहतं, हे इंग्लंडच्या बेरिल बर्टनवरून दिसतं. यॉर्कशरमध्ये रुबार्बच्या शेतावर कष्टाचं काम करणारी ही बाई. १९६७ साली बारा तासांच्या शर्यतीत तिने २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर सायकल चालवली. त्याच शर्यतीत माइक मॅकनमारा हा पुरुषांचा नवा विक्रम करत होता. तिने त्याला मागून गाठलं आणि जाता जाता खिशातली ज्येष्ठमधाची गोळी त्याला देऊ केली. त्याने ती घेतली. दोन वर्षं कोणाही पुरुषाला तिचा आकडा ओलांडता आला नाही, आणि बायकांत तर तो पन्नास वर्षं टिकला. तो आकडा कुणाच्या लक्षात नसेल, पण त्या गोळीमुळे ती शर्यत आजही सायकलवाल्यांच्या तोंडी आहे. कोणीतरी ते पाहिलं आणि लिहून ठेवलं म्हणूनच.

किंवा लेल विल्कॉक्स. २०१६ साली अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ६,८०० किलोमीटर, १८ दिवस आणि काही मिनिटांत. पुरुषांसकट सगळ्यांत पहिली. शेवटच्या रात्री पुढे असलेला ग्रीसचा स्पर्धक झोपेतून उठून उलट्या दिशेने निघाला आणि समोरून येणारी ही त्याला भेटली. तो म्हणाला, आता दोघं मिळूनच शेवट गाठू. ती म्हणाली ही शर्यत आहे, आणि निघून गेली. झोप कमी पडली की माणसाला दिशा कळेनाशी होते, हे कोणत्याही डॉक्टरच्या लेखापेक्षा मला या प्रसंगाने पटलं. तेव्हापासून रात्री थांबले की सायकल ज्या दिशेला जायचं त्याच दिशेला तोंड करून लावते. २०१९ मध्ये जर्मनीची फिओना कोलबिंगर ही कर्करोगावर संशोधन करणारी २४ वर्षांची तरुणी बल्गेरियातल्या बुर्गासपासून फ्रान्सच्या ब्रेस्टपर्यंतची सुमारे ४,००० किलोमीटरची शर्यत १० दिवस २ तास ४८ मिनिटांत जिंकली. वाटेत एका कंट्रोलवर ती पियानो वाजवत बसली होती, आणि शेवटी म्हणाली की झोप आणखी कमी करता आली असती. २०२१ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याच्या ‘राम’ (रेस अक्रॉस अमेरिका) शर्यतीत, भयंकर उन्हाळ्यात, कॅनडाची लिआ गोल्डस्टीन एकट्याने स्पर्धा करणाऱ्या सगळ्यांत पहिली आली. तिने तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

म्हणून बायका पुरुषांपेक्षा वेगवान असतात असं माझं म्हणणं नाही. ‘राम’चा पुरुषांचा विक्रम आठ दिवसांच्या आतला आहे, बायकांचा नऊ दिवसांच्या थोडा वरचा, आणि हा फरक लपवण्याची काहीच गरज नाही. म्हणणं एवढंच की अंतर वाढत गेलं, रात्र मध्ये आली, की निव्वळ पायातल्या ताकदीच्या जोडीला पोट, झोप, संयम, यंत्राची जाण आणि निर्णय यांचं वजन वाढतं. आणि या गोष्टी शिकता येतात. चाळिशीतही, पन्नाशीतही.

आपल्या महाराष्ट्रात या खेळाला तोटा नाही. ‘राम’ पुरी करणारे महाजन बंधू नाशिकचे, एकट्याने ती पुरी करणारे डॉ. अमित समर्थ नागपूरचे. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १४ देशांतून सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवत पृथ्वी फिरून आली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून जुलैत निघाली, डिसेंबरात कोलकात्याला पोचली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटलं. पुण्याच्याच प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत एकटीने पार केलं, वय ४५. त्या वाटेवरची तंगलंग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. त्या बातम्यांत मी ‘दोन मुलांची आई’ इतक्या वेळा वाचलं की मोजदाद सोडली. मुलांची आई असणं ही चांगलीच गोष्ट आहे, मीही आहे. पण त्या उंचीवर श्वास पुरत नसताना पेडल कसं फिरत राहिलं, खिंडीच्या थंडीत कपड्यांचे किती थर होते, उतारावर बोटं बधिर झाल्यावर ब्रेक कसा दाबला, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे. मराठीत, सविस्तर.

माउंटन बाइकबद्दल तर आपल्याकडे लिहिलंच जात नाही. सह्याद्रीच्या कुशीत राहून आपण ती शहरातल्या सोसायटीत फिरवतो. मुरमाच्या उतारावर पहिल्यांदा जाणारी बाई घाबरून सीटवर घट्ट बसते आणि पुढचा ब्रेक आवळते. मग पुढचं चाक घसरतं आणि ती पडते. करायचं असतं ते असं: दोन्ही पेडल जमिनीला समांतर, पायावर उभं राहायचं, कोपर आणि गुडघे सैल, वजन थोडं मागे, नजर चाकासमोरच्या दगडावर न ठेवता वाट जिथे जायची आहे तिकडे. ब्रेकवर एकेकच बोट, दाबून धरायचं नाही, सोडत-दाबत जायचं. चार उतारांत अंगवळणी पडतं. मेढ्याच्या बाजूला अशा कच्च्या वाटा पुष्कळ आहेत. (कासच्या फुलांच्या पठारावर मात्र कुणीही सायकल घालू नये, तिथली माती आणि मुळं फार नाजूक आहेत.) असं चौकटीत बारा ओळी छापलंत तर कुणीतरी कात्रण कापून ठेवेल. मी ठेवते.

आणि मुलींचं काय होतं ते शाळेत रोज बघते. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, इतर ठिकाणी आई-बाप काटकसर करून घेऊन देतात. आठवी ते दहावी मुलगी पाच-सहा किलोमीटर डोंगराचा रस्ता रोज दोनदा तुडवते, दप्तरासकट. कोणी त्याला खेळ म्हणत नाही, पण पायांना ते कळतं. दहावी झाली की ती सायकल भावाकडे जाते. ज्या वयात दम वाढतो नेमक्या त्या वयात ती एसटीच्या थांब्यावर उभी राहते. यातल्या एखादीला रशची गोष्ट मिळाली, आणि ३८ व्या वर्षीसुद्धा सुरुवात होते हे कळलं, तर निदान आईला तरी ती सायकल वापरावीशी वाटेल.

माझी मागणी मोठी नाही. स्पर्धांचे निकाल छापताना महिलांच्या वेळा पुरुषांच्या शेजारी, त्याच तक्त्यात छापा. आता ‘महिलांमध्ये अमुक प्रथम’ एवढंच येतं, वेळ येतच नाही, मग आम्ही तुलना कशाशी करायची? बक्षिसाची रक्कम दोघांना सारखी आहे का, तेही एका ओळीत लिहा, आयोजक आपोआप सुधारतील. हायवेवरच्या पंपांची स्वच्छतागृहं रात्री उघडी असतात का, याची पाहणी आपल्या जिल्हा आवृत्त्या सहज करू शकतात. पुणे ते कोल्हापूर एका रात्रीचं काम आहे, आणि त्याचा उपयोग सायकलवाल्या बायकांनाच नाही, एसटीने, कारने जाणाऱ्या सगळ्यांना होईल. महिला सायकलपटूची मुलाखत घ्यायला ज्याला पाठवाल त्याने आधी एकदा तरी तिच्याबरोबर पन्नास किलोमीटर जावं. ते शक्य नसेल तर निदान तिला विचारावं की बॅगेत काय होतं आणि वाटेत त्यातलं काय वापरलं. त्या उत्तरातून अर्धी बातमी मिळेल.

नोव्हेंबरपासून बीआरएमचा नवा हंगाम सुरू होतो. आपल्याकडच्या क्लबांची वेळापत्रकं आधीच जाहीर होतात. आपला वार्ताहर पाठवणार असाल तर सुरुवातीला झेंडा दाखवतात तिथे नको, तिथे पाहुणेच असतात. चारशे किंवा सहाशेच्या कंट्रोलवर रात्री एकनंतर पाठवा. येणाऱ्या प्रत्येक बाईला चहा पिऊ द्या, मग विचारा.

आपली नम्र,
एक शिक्षिका, सातारा